नायकी, नाईक की नीकी?

प्रश्न: गोखले रोडला बूट घ्यायला गेलं की आमच्या घरी वाद ठरलेला. मुलगी म्हणते 'नायकी' म्हणायचं, हे म्हणतात 'नाईक', दुकानदारसुद्धा नाईकच म्हणतो. आता कळलं की हे ग्रीक देवीचं नाव आहे. मग खरा उच्चार कोणता आणि दुसऱ्या भाषांत तिला काय म्हणतात?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: बुटांपुरती मुलगी बरोबर, कंपनी स्वतःला नायकीच म्हणते. पण देवीला तेही नाव ओळखू येणार नाही. आजचे ग्रीक लोक 'नीकी' म्हणतात, जुन्या ग्रीकमध्ये शेवटी लांब 'ए' होता, म्हणजे साधारण 'नीके', इंग्रजीने त्या 'नी'चा 'नाय' केला आणि आपण बाईक-लाईकच्या चालीवर शेवटचा स्वर पण गिळला. त्यात नाईक आडनाव आपल्या ओळखीचं, मग काय!

ही पंखवाली विजयाची देवी. रशियनमध्ये ती 'निका'. रोमन लोकांनी मात्र नाव घेतलंच नाही, त्यांची विजयदेवी 'व्हिक्टोरिया', म्हणजे ठाण्याहून व्ही.टी. लोकल पकडणारे इतकी वर्षं राणीच्या आडून तिचंच लॅटिन नाव घेत होते म्हणा ना. कुशाणांच्या नाण्यांवर पण अशीच पंखवाली आहे, पण नाव इराणी, 'ओअनिन्दो'. मला तर हे सगळ्यात भारी वाटतं, रूप ग्रीक ठेवलं आणि नाव सरळ बदलून टाकलं.

माणसांच्या अन् गावांच्या नावांत तर ती कुठे कुठे शिरलीय. निकोलस, निकोल, फ्रान्समधलं नीस, तुर्कस्तानातलं इझनिक (मूळचं निकाया), आणि ग्रीसमधलं थेस्सालोनिकी शहर, जे सिकंदराच्या सावत्र बहिणीचं नाव होतं. खुद्द सिकंदराने इ.स.पू. 326 मध्ये पोरसला हरवल्यावर झेलमकाठी गाव वसवलं त्याचं नावही निकायाच, म्हणजे बुटांच्या कितीतरी आधी बाई आपल्या बाजूला येऊन गेल्यात.

आणि उन्हाळी ऑलिंपिकच्या पदकांवर 1928 पासून तीच असते. नीरज चोप्राच्या टोकियोच्या सुवर्णपदकाचा फोटो झूम करून बघा, पंख स्पष्ट दिसतात.