घर सोडून कॉलेजला निघताना बॅग किती दिवसांची भरावी?

तुमचा प्रश्न मला असा समजला: दोन आठवड्यांनी तुम्ही दुसऱ्या शहरातील कॉलेजसाठी घर सोडत आहात, वसतिगृहातील खोलीत आणखी एक विद्यार्थी असणार आहे, आईने केलेली यादी तीन मोठ्या बॅगांतही मावत नाही आणि त्यातले काय गाळावे यावरून घरात रोज वाद होत आहे. मी वसतिगृहाच्या व्यवस्थापनात बरीच वर्षे काम केले आहे. दरवर्षी येणारे सामान आणि वर्षअखेरीस न उघडताच परत जाणारे सामान, दोन्ही जवळून पाहिले असल्यामुळे त्या आधारावर लिहीत आहे.

यादी लांबते, कारण संपूर्ण अभ्यासक्रमाच्या काळात जे जे लागू शकेल ते सर्व पहिल्याच दिवशी सोबत असावे असे घरच्यांना वाटते. त्याऐवजी पहिल्या दहा दिवसांचा विचार करावा. या काळात तुम्हाला परिसर ठाऊक नसतो, प्रवेशाच्या औपचारिकता चालू असतात आणि दुकान शोधायला सवड नसते. म्हणून तेवढ्या दिवसांत जे लागेल आणि तिथे चटकन मिळणार नाही, तेच नेण्याची खरी गरज असते. बाकीच्या वस्तू खोली प्रत्यक्ष पाहिल्यावर ठरवाव्यात. कपाट किती खोल आहे, पलंगाखाली जागा आहे की नाही, खोलीतल्या सोबत्याने काय आणले आहे, हे कळण्यापूर्वी घेतलेल्या टोपल्या, स्टँड आणि टेबलदिवे पुढे अडगळ होतात. सोबत्याशी आधी संपर्क होऊ शकत असेल, तर इस्त्री किंवा एक्स्टेंशन बोर्ड यांपैकी कोण काय आणणार एवढे तरी ठरवून घ्यावे.

सर्वांत जास्त काळजी कागदपत्रांची घ्यावी, कारण कपडे विसरले तर विकत घेता येतात, पण मूळ गुणपत्रिका घरी राहिली तर प्रवेश अडतो. मूळ कागद, त्यांच्या छायाप्रती आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे एका फाइलमध्ये घालून ती पाठीवरच्या बॅगेत ठेवावी. जी बॅग प्रवासात तुमच्या हातून सुटणार आहे तिच्यात ती कधीही ठेवू नये. प्रत्येक कागद स्कॅन करून एक प्रत फोनमध्ये, एक ऑनलाइन खात्यात आणि एक घरच्यांकडे असू द्यावी. याच वेळी सर्व कागदांवरील स्वतःचे नाव अक्षरशः जुळवून पाहावे. एका कागदावर पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर आद्याक्षरे, किंवा आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, ही प्रवेशाच्या खिडकीवर नेहमी दिसणारी अडचण आहे आणि तिचे निराकरण घरी असताना सुरू करणे कितीतरी सोपे असते.

कागदांइतकीच महत्त्वाची, पण हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे फोन नंबर. नव्या ठिकाणी नंबर बदलणार असाल, तर बँक, ईमेल आणि कॉलेजचे पोर्टल यांचे ओटीपी जुन्या नंबरवर येत राहतात. म्हणून नवा नंबर सगळीकडे नोंदवला जाईपर्यंत जुने सिम बंद करू नये. ईमेल खात्याचे बॅकअप कोड कागदावर लिहून फाइलमध्ये ठेवावेत. फोन हरवला, तर खाते परत मिळवण्यासाठी तो कागद उपयोगी पडतो.

औषधांच्या बाबतीत नियम साधे आहेत. नेहमीची औषधे किमान महिनाभर पुरतील एवढी आणि मूळ वेष्टनातच घ्यावीत, कारण कापलेल्या पट्टीवर औषधाचे नाव आणि मुदत दोन्ही राहत नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ब्रँडसोबत मूळ औषधाचे नावही लिहून घ्यावे, कारण तोच ब्रँड दुसऱ्या गावी मिळेलच असे नाही. चष्म्याचा नंबर, रक्तगट आणि कशाची ॲलर्जी असल्यास ती, हे एका कार्डावर लिहून सोबत्याला ते कुठे आहे हे सांगून ठेवावे.

आता विजेच्या वस्तू. वसतिगृहात किटली, शेगडी, हीटर यांना बंदी असते तेव्हा मुलांना तो जाच वाटतो. त्यामागचे गणित मात्र सरळ आहे. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात, म्हणजे 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर 10 अँपिअरचा बोर्ड जास्तीत जास्त 2300 वॅट सोसतो. किटली एकटीच 1500 ते 2000 वॅट घेते. तिच्याबरोबर 1000 वॅटची इस्त्री लावली की मर्यादा ओलांडली जाते आणि तार तापू लागते. ती तार गुंडाळून गादीखाली सरकवलेली असेल, तर उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून वसतिगृहाचे नियम आधी मागवून वाचावेत आणि बोर्ड न्यायचाच असेल, तर ज्यावर क्षमता छापलेली आहे असाच घ्यावा. विमानाने जाणार असाल, तर पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते आणि परवानगीशिवाय 100 वॅट-अवरपर्यंतचीच चालते. 20,000 एमएएचची पॉवर बँक सुमारे 74 वॅट-अवरची असते, त्यामुळे ती या मर्यादेत बसते.

पुस्तकांचा मोह आवरावा. ए-फोर आकाराच्या साध्या कागदाचे एक पान 5 ग्रॅमचे असते, म्हणजे 500 पानांचा गठ्ठा अडीच किलोचा होतो. जुन्या वह्या आणि मार्गदर्शिका यांच्या चार गठ्ठ्यांनी दहा किलो कधी भरतात ते कळतही नाही. कॉलेजात कोणते पुस्तक लावणार हे कळेपर्यंत क्रमिक पुस्तके घरीच राहू द्यावीत. जी न्याल ती एकाच बॅगेत न कोंबता विभागून ठेवावीत आणि चाकांच्या बॅगेत जड वस्तू चाकांच्या बाजूला घालाव्यात, म्हणजे उभी केल्यावर बॅग कलंडत नाही. भरलेली बॅग उचलून स्वतः दोन मजले चढून पाहावे. चढता आले नाही, तर वजन कमी करण्यावरचा वाद तिथेच मिटतो.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. आठवडाभर धुलाई झाली नाही तरी चालेल एवढे कपडे पुरतात. मात्र ते पूर्ण सुकलेले असावेत, कारण बंद बॅगेतल्या ओलाव्याने बुरशीचा वास लागतो. पलंगाची चादर इलॅस्टिकची न घेता साधी, मोठी घ्यावी, ती कोणत्याही मापाच्या गादीवर चालते. पोहोचल्यावर बॅग लगेच गादीवर टाकू नये. आधी गादीच्या शिवणी आणि पलंगाचे सांधे उजेडात पाहावेत. काळपट ठिपके किंवा ढेकूण दिसले, तर सामान न उघडता गादी बदलून मागावी.

पहिल्या आठवड्यात मुले आमच्याकडे काय मागायला येत, हे सांगितले तर कदाचित आश्चर्य वाटेल: कुलूप, सुईदोरा, नेलकटर, कात्री, स्क्रूड्रायव्हर, कपडे वाळत घालायची दोरी. हे सर्व एका छोट्या डब्यात मावते. कात्री आणि स्क्रूड्रायव्हर मात्र विमानप्रवासात मोठ्या बॅगेत टाकावे.

आईच्या यादीविषयी एक सुचवतो. ती यादी निरर्थक नसते. तुम्ही दूर असताना तुमच्यासाठी काहीतरी करता येणार नाही ही अस्वस्थता तिच्यात उतरलेली असते. म्हणून यादीतल्या वस्तू सरसकट नाकारू नयेत, तिचे दोन भाग करावेत: आता न्यायचे आणि नंतर मागवायचे. दुसऱ्या भागाची जबाबदारी आईकडे दिली की निम्मे वाद थांबतात. घरातील एखादी आवडती वस्तू, मग ती उशी असो की एखादे चित्र, नेण्यात संकोच बाळगू नये. तिची गरज पहिल्या रात्रीच भासते. जिचे हरवणे सोसवणार नाही अशी वस्तू मात्र घरीच ठेवावी.

घरी काय राहणार याचाही निकाल निघण्यापूर्वी लावावा, नाहीतर खोली आवरण्याचे काम मागे राहिलेल्यांवर पडते, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्यांना ते जड जाते. नको असलेले स्वतः वाटून टाकावे, उरलेले खोक्यांत भरून प्रत्येकावर क्रमांक घालावा आणि आतल्या सामानाचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे. मग तीन महिन्यांनी ‘दोन नंबरच्या खोक्यातला निळा स्वेटर पाठव’ एवढे सांगितले, तरी त्यासाठी कोणाला सगळी खोली पालथी घालावी लागणार नाही.