मुलीच्या संधिवातावरच्या अभ्यासासाठी तिचं रक्त मागितलंय. हो म्हणू का?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांच्या लेकीला जेआयए, म्हणजे लहान मुलांचा संधिवात निघालाय. डॉक्टरांनी एका अभ्यासासाठी तिचं थोडं जास्तीचं रक्त आणि आजाराची माहिती मागितलीय, आणि सासूबाई म्हणतात, "पोरीवर प्रयोग नकोत." ताई, असाच कागद माझ्यापुढेही आला होता. मी सही केली. का केली ते सांगते, आणि कुठल्या कागदावर लगेच सही करू नये तेही.

माझी मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. साडेतीन वर्षांची असताना सकाळी उठली की पलंगावरून उतरायचीच नाही. उतरवलं तर बुडावर सरकत सरकत न्हाणीघरापर्यंत जायची. साडेदहा वाजले की तीच पोर अंगणात पळायची, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटायचं की नाटक करतेय. डावा गुडघा सुजलेला, हात लावला की कोमट लागायचा. एका ठिकाणी "पडली असेल" म्हणून तीन आठवडे प्लास्टर घातलं. ते काढलं तेव्हा पाय सरळच होईना. "लहान मुलांना कुठे संधिवात असतो?" हे मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या जॉर्ज स्टिल यांनी २२ मुलांच्या नोंदी मांडून हा आजार मोठ्यांच्या संधिवाताहून वेगळा आहे, असं १८९७ सालीच लिहून ठेवलं होतं.

आमच्याकडे मेथोट्रेक्सेट सुरू झालं. आठवड्यातून एकदाच, रविवारी. पिवळी गोळी. काही महिन्यांनी तिला पिवळा रंग दिसला तरी मळमळायचं, म्हणून रविवारी आमच्याकडे वरणात हळद घालत नसत. त्या गोळीचा मला फार राग यायचा. मग एकदा डॉक्टरांनी शांतपणे बसवून सांगितलं की ही गोळी आणि हा डोस आला कुठून, तेव्हा तो राग ओसरला.

१९९२ साली अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या १२७ मुलांवरचा एक अभ्यास छापून आला. मुलांचे तीन गट होते. एका गटाला शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे १० मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट, दुसऱ्याला ५, आणि तिसऱ्याला औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी. कोणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं आणि आईवडिलांनाही. मोठ्या डोसच्या गटातली ६३ टक्के मुलं सुधारली. लहान डोसवर ३२ टक्के, आणि औषध नसलेल्या गोळीवर ३६ टक्के!

हा शेवटचा आकडा सासूबाईंना जरूर सांगा. आमच्या घरी एक काढा यायचा, चुलत सासऱ्यांच्या ओळखीतून. दोन आठवडे दिला आणि पोरगी खरंच बरी दिसायला लागली. सगळे म्हणाले, गुण आला. पुढच्या महिन्यात दोन्ही गुडघे सुजले. हा आजार आपोआप चढतो आणि उतरतो, आणि उतरतीच्या वेळी जे काही दिलेलं असतं त्याला आपण श्रेय देऊन मोकळे होतो. औषधाचा खरा गुण किती आणि आजाराची उतरती किती, हे वेगळं करायला तो तिसरा गट लागतोच. ५ मिलिग्रॅमचा काही उपयोग नाही, हेही त्याशिवाय कधी कळलं नसतं. त्या १२७ घरांमध्ये कुणीतरी आई सही करताना आपल्यासारखीच घाबरली असणार. तिच्या सहीमुळे माझ्या मुलीचा डोस ठरला. मी सही केली ती एवढ्यासाठीच.

आता "प्रयोग" या शब्दाबद्दल. तुम्हाला विचारलंय ते फक्त रक्त आणि माहितीसाठी. त्यात लेकीचं औषध बदलत नाही. नेहमीच्या तपासणीसाठी सुई टोचतील त्याच वेळी जास्तीची नळी भरून घ्या, वेगळं टोचू नका, असं स्पष्ट सांगा. आमच्याकडे तसंच केलं. नव्या औषधाची चाचणी ही मात्र वेगळी गोष्ट. तिथे घाईने हो म्हणू नका, पण ऐकताक्षणी नाहीही म्हणू नका. एटानरसेप्ट नावाच्या इंजेक्शनचा लहान मुलांवरचा अभ्यास २००० साली आला, त्यात ६९ मुलं होती. सुरुवातीला सगळ्यांना खरं औषध दिलं. ज्यांना गुण आला त्यांच्यातल्याच निम्म्यांना नंतर औषध नसलेलं इंजेक्शन दिलं, आणि आजार उलटतोय असं दिसलं की पुन्हा खरं औषध. मुलं कमीत कमी काळ औषधाविना राहावीत म्हणून ही रचना केलेली असते. तेव्हा "औषध नसलेल्या गटात किती दिवस, आणि त्रास वाढला तर काय कराल?" हा प्रश्न थेट विचारा.

बाकी विचारायचं ते असं: आचारसमितीची, म्हणजे अभ्यास योग्य आहे का ते तपासणाऱ्या समितीची, परवानगी आहे का, माहितीपत्रक मराठीत आहे का आणि घरी नेऊन वाचायला मिळेल का, रक्त कुठे आणि किती वर्षं ठेवणार, नाव कसं झाकणार. औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. ती सरकारी नोंदवही आहे, कुणालाही इंटरनेटवर बघता येते. तुम्ही मधेच कधीही बाहेर पडू शकता, आणि नाही म्हटलं म्हणून उपचारांत फरक पडता कामा नये. हा तुमचा हक्क आहे. कुणी आवाज चढवला किंवा "आत्ताच सही करा" म्हणालं, तर सरळ उठून या.

"अमेरिकेतल्या मुलांवर झालंय ना सगळं, मग आपली कशाला?" असं माझ्या दिरांनी विचारलं होतं. आपल्या मुलांचा आजार अगदी तसाच नसतो, म्हणून. तिकडे लहान मुलींमधला, थोडेच सांधे धरणारा प्रकार जास्त दिसतो. आपल्याकडे टाचा आणि कंबर धरणारा, मोठ्या मुलग्यांमधला प्रकार पुष्कळ. शिवाय आपल्याकडे टीबी आहे. सूज आवरणारी काही जैविक इंजेक्शनं शरीरात झोपलेला टीबी जागा करू शकतात, म्हणून ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. आपल्या मुलांच्या नोंदी आपल्याकडेच व्हायला हव्यात.

मुलीला विचारायला विसरू नका, आत्ता नाही तरी पुढे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांपासून मुलाची तोंडी आणि बारापासून लेखी संमती घ्यायची असते. आईवडिलांची सही लागतेच, ही तिच्या जोडीला. माझी लेक तेरा वर्षांची होती तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवून सगळं पुन्हा समजावलं. तिने विचारलं, "याने मला काही फायदा होणार का?" डॉक्टर म्हणाले, "बहुतेक नाही." तिने थोडा वेळ कागद हातात धरला आणि सही केली.

कागदाचं काय ते सावकाश ठरवा. डोळ्यांच्या तपासणीची तारीख मात्र चुकवू नका. या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते आणि लहान मुलांत बहुतेकदा डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल काही सांगत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या स्लिट लॅम्प यंत्रावर हनुवटी टेकवून पाहिलं तरच दिसते. ब्रिटनमध्ये अशा ९० मुलांवर एक अभ्यास झाला: सगळ्यांना मेथोट्रेक्सेट, आणि काहींना त्याच्या जोडीला अडालिमुमॅब नावाचं जैविक इंजेक्शन. २०१७ साली निकाल आला: अडालिमुमॅबच्या गटात २७ टक्के मुलांचे उपचार फसले, ते न मिळालेल्या गटात ६० टक्के. फरक इतका ठळक दिसला की देखरेख समितीने अभ्यास आधीच थांबवला. म्हणजे डोळ्यांसाठी आज चांगलं औषध आहे, फक्त सूज वेळेत सापडली पाहिजे. तुमच्या पत्रात डोळ्यांच्या डॉक्टरांचा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम विचारते: ते झालंय का? नसेल तर याच आठवड्यात करून घ्या.