पर्सनॅलिटी टेस्टमधून स्वतःबद्दल खरंच काही कळतं का? तुम्हाला काय कळलं?

कळतं, पण रिझल्टमधून नाही असं माझं मत झालंय. मी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत परचेसला आहे, मागच्या वर्षी एचआरवाल्यांनी शनिवारी ट्रेनिंगला बसवून सगळ्यांना ती १६ टाइपवाली टेस्ट द्यायला लावली. माझं आलं इन्ट्रोव्हर्ट, ५२ टक्के. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मित्रांबरोबर मिसळ खाऊन, दोन तास गोदाघाटावर टवाळक्या करून घरी आलो आणि गंमत म्हणून तीच टेस्ट परत दिली, तर एक्स्ट्रोव्हर्ट! मधे बदललं काय, तर फक्त वार.

मग जरा वाचलं. कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाच्या १९२१ च्या पुस्तकातल्या कल्पना घेऊन ते चार अक्षरांचं प्रकरण (INTJ, ESFP असले १६ टाइप) उभं केलं. खरी अडचण अशी की बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात आणि टेस्ट मात्र इकडे नाहीतर तिकडे ढकलते, म्हणजे ४९ वाला आणि ५१ वाला एकदम वेगळ्या जातीचे. आणि वर्णन वाचून 'अरे हे तर मीच' वाटतं त्याचं म्हणाल तर, बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने १९४८ मध्येच वर्गातल्या ३९ मुलांना टेस्टचा रिझल्ट म्हणून एकच वर्णन वाटलं होतं, बरंचसं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं, आणि मुलांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ मार्क दिले. पेपरातलं राशिभविष्य वाचून माझी आई दर रविवारी तेच करते 😄

पण एक गोष्ट मात्र लागली मला. बायकोने मोबाईल हातात घेऊन माझी उत्तरं वाचली. 'मी हातात घेतलेलं काम वेळेवर पूर्ण करतो', याला मी बिनधास्त पूर्ण सहमत केलेलं. ती काहीच बोलली नाही, नुसती बाल्कनीच्या दाराकडे बघितलं. त्या दाराची कडी तुटलीय आणि सात महिने तिथे नाड्याची गाठ आहे, मीच बांधलेली, 'तात्पुरती'.

पुढे तिनेच दाखवलं की भांडण, नाराजी, कुणाला तोंडावर नाही म्हणणं असले जेवढे प्रश्न होते त्या सगळ्यांना मी मधला गोल दाबलाय, सहमतही नाही असहमतही नाही. सिन्नरच्या प्लॉटवरून भावाचा फोन आला की मी काय म्हणतो? 'बघू.' सप्लायरने डिलिव्हरी लांबवली, 'बघू.' ती म्हणाली, तुमचा टाइप चार अक्षरी कसला, दोनच अक्षरी आहे. हसलो तेव्हा, पण रात्री झोप लागेना राव.

त्यामुळे टेस्ट द्यायचीच असेल तर फुकटवाली द्या, पैसे मागणारा लांबलचक रिपोर्ट घेऊ नका, आणि घरातल्या कुणाला तरी तुमच्या नावाने तीच टेस्ट भरायला सांगा. जिथे दोघांची उत्तरं जुळत नाहीत तेवढेच प्रश्न निवांत वाचा. आमचे नऊ निघाले. आठांवर बोलून झालंय, नववा तिच्या माहेरच्यांबद्दलचा आहे म्हणून तो राहू दिला.

कडीचं म्हणाल तर आणून ठेवलीय, ड्रिल मशीन मेहुण्याकडे आहे, मागायचंय.