एकच घर घ्या, आणि दोन दिवस आधी पोचा

तुम्ही लिहिलंय की डोंबिवलीतल्या वीस जणांना ‘तुमच्यासाठी घर म्हणजे काय’ असं विचारून प्रत्येकाचा त्याच्या दारात फोटो काढायचा आहे, आणि कुडाळजवळचं आजोबांचं बंद घर त्यात एका फोटोपुरतं येईल. माझा सल्ला, नेमकं उलट करा. ते बंद घर हीच तुमची फोटोमालिका आहे.

आमचं गावचं घरही असंच, गणपतीला आणि शिमग्याला उघडणारं. पहिल्या वर्षी मी चतुर्थीच्या सकाळी पोचलो आणि आरती, भजन, मोदक यांचे बाराशे फोटो काढले. मुंबईत येऊन पाहिले तर कुणाच्याही घरातले वाटावेत असे. पुढच्या वर्षी काकीबरोबर दोन दिवस आधी गेलो. कुलूप गंजलं होतं. तिनं खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले आणि चावी हलवत उभी राहिली. दार उघडलं तरी लगेच आत गेली नाही, आधी ओल्या फडक्यानं उंबरठा पुसला. त्या पंधरा मिनिटांतले सहा फोटो आजही माझ्या मालिकेचा कणा आहेत. घर बंद करतानाचे तासही सोडू नका: पालथी घातलेली भांडी, दोरीवर टाकलेल्या गाद्या, मेन स्विच.

एखादी जागा ठरवून प्रत्येक खेपेला तिथूनच फोटो घ्या. मी माटवी निवडली, म्हणजे गणपतीच्या वर टांगून फळापानांनी सजवतात ती लाकडी पट्ट्यांची चौकट. आमच्याकडे ती वर्षभर छताला टांगलेली असते. चतुर्थीला तिला कवंडळं ही रानफळं, नारळ, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे. शिमग्याला नुसत्या पट्ट्या आणि वाळलेल्या सुतळीच्या गाठी. ट्रायपॉडचे पाय कुठे होते आणि उंची किती, ते वहीत लिहून ठेवा. तुमची १८-५५ मिमीची झूम लेन्स पुरेशी आहे, फक्त ३५च्या आसपास राहा. १८ला जवळून भिंती ताणल्यासारख्या दिसतात.

माजघरात अंधार असेल, पण फ्लॅश नको. काचेचं कौल असेल तर त्यातून पडणारा कवडसा तासाभरात कुठे सरकतो ते आधी बसून बघा. रिकाम्या खोलीला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ४०० आणि सेकंद-दोन सेकंदांचं एक्स्पोजर चालतं. माणसं असतील तर आयएसओ वाढवा, दाणे दिसले तरी बिघडत नाही. भाद्रपदातल्या दमटपणात लेन्सला बुरशी धरते, सिलिका जेल जवळ ठेवा.

फोटोखालच्या ओळींबद्दल एक. कौलावर बासेल मिशन या कौलं बनवणाऱ्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा शिक्का आणि १८६५ दिसलं, तर घर तेव्हाचं असं लिहू नका. ते त्यांचा मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं साल आहे.

आणि तुमच्या यादीत एक माणूस राहून गेलंय. तुम्ही नसताना देवाला दिवा कोण लावतं? आमच्याकडे शेजारची काकू लावते, तिच्याकडे मागच्या दाराची चावी असते. वर्षातले साडेतीनशे दिवस त्या घरात पाऊल पडतं ते तिचंच. तिला विचारून, तिच्या सोयीच्या वेळी फोटो काढा आणि पुढच्या खेपेला छापून नेऊन द्या.

तोवर थांबायची गरज नाही. त्या घराची चावी डोंबिवलीत तुमच्याकडे कुठल्या खिळ्याला लटकते? पहिला फोटो तिथला, आज संध्याकाळीच काढा.