व्हाइट वाइन आणि बर्फाची बादली

प्रश्न : होळीच्या सुमारास संध्याकाळी गच्चीत बसून व्हाइट वाइन घ्यायला आम्हां दोघांना आवडते. पण ती लगेच कोमट होते. ग्लासात बर्फ टाकला तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ग्लासात नको, वाइन पाणचट होते. बर्फ बाटलीभोवती घाला. बादलीत निम्मा बर्फ, निम्मे पाणी आणि मूठभर मीठ. वीसेक मिनिटांत बाटली थंडगार. नुसत्या बर्फात फटी राहतात, पाणी काचेला सगळीकडून भिडते. सोव्हिन्यों ब्लां ही व्हाइट वाइन मला ८ ते १० अंशांवर सर्वांत आवडते. त्याहून गार केली की कापलेल्या गवताचा, हिरव्या मिरचीचा तो सुरेख वास दबतो, आणि त्या वासासाठीच तर ही वाइन घ्यायची! तुमच्याकडे वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. त्या दिवसांतल्या गार रात्रींमुळे फळात आंबटपणा टिकतो. जिभेवरची तरतरी त्याचीच. शेनिन ब्लां ही दुसरी व्हाइट वाइन घेणार असाल तर लेबल वाचा, काही किंचित गोड असतात. सोबत रव्यात तळलेले बोंबील, वर लिंबू पिळून. ग्लास थोडाथोडाच भरा, बाटली बादलीतच राहू दे. उरलेली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.