१९६६ ची मस्टँग रोज ऑफिसला न्यायची असेल तर नवं इंजिन बसवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑस्टिनमध्ये १९६६ ची फोर्डची व्ही-८ मस्टँग कूपे (दोन दारांची) मिळतेय, ऑफिस हायवेने २२ मैलांवर आहे, आठवड्यातले चार दिवस ती न्यायची आहे, बायकोलाही चालवता यायला हवी. तर जुनं इंजिन काढून आताच्या मस्टँगचं पाच लिटरचं, ‘कोयोटे’ नावाचं इंजिन बसवावं का?

बसवू नका, असं मी सांगेन. माझ्याकडेही १९६६ चीच कूपे आहे, २८९ घनइंचांच्या व्ही-८ ची. नऊ वर्षं झाली. मी डेट्रॉइटजवळ राहतो, मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे ब्लॉक, हेड, बोअरिंग हे शब्द लहानपणापासून कानावर आहेत. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मी हीच गाडी कामावर नेतो. हिवाळ्यात नाही, कारण इथे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात (डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाणच आहे) आणि जुन्या पत्र्याला मिठाइतका दुसरा वैरी नाही. तुमच्याकडे टेक्सासात ती चिंता नाही, उन्हाची आहे. त्यावर पुढे येतो.

काही जण तुम्हाला सांगतील की मस्टँग ही मसल कार (मध्यम आकाराच्या गाडीत मोठं इंजिन) नव्हेच, पोनी कार (छोटी, स्पोर्टी गाडी) आहे. मसल कारची खरी सुरुवात १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओची. बरोबर आहे त्यांचं. पण रोज वापरायचं म्हटलं की जीटीओ काय, शेव्हरोलेची शेवेल काय आणि मस्टँग काय, दुखणी बहुतेक सारखीच निघतात.

कोयोटेची अडचण रुंदीची आहे. त्याच्या प्रत्येक हेडवर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), त्यामुळे ते वरच्या बाजूला फार पसरलेलं आहे. तुमच्या गाडीत पुढच्या स्प्रिंगा वरच्या आर्मवर (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या भागावर) उभ्या आहेत आणि त्यांचा सगळा भार बोनेटखालच्या दोन बुरुजांवर, म्हणजे शॉक टॉवरवर येतो. कोयोटे घालायचं तर हे टॉवर कापावे लागतात आणि पुढचं सस्पेन्शन मुळापासून बदलावं लागतं. या गाडीला खाली वेगळी चेसी नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार वाहतो. टॉवर गेले की तो भार दुसरीकडून उतरवणं हे निष्णात फॅब्रिकेटरचं काम. उत्तम करून देणारे लोक अमेरिकेत आहेत, मी त्यांच्या गाड्यांवरून हात फिरवून आलोय. पण इंजिनामागोमाग वायरिंग, इंधनाची लाइन, रेडिएटर, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल असं सगळंच बदलत जातं. माझ्या ओळखीत दोघांनी हे काम काढलं. एकाची गाडी सहा वर्षं स्टँडवर उभी आहे, दुसऱ्याने अर्ध्यावर विकून टाकली. कापलेले टॉवर परत येत नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटतं.

ताकदीचंही बघा. दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं २८९ तेव्हा २०० हॉर्सपॉवरचं म्हणून विकलं गेलं. तो आकडा गाडीबाहेर, जोडउपकरणं काढलेल्या इंजिनावर, मशीनवर मोजलेला. अमेरिकन कंपन्या गाडीतल्यासारखी मोजणी करून आकडे द्यायला लागल्या त्या १९७२ च्या मॉडेलपासून. म्हणजे रस्त्यावर येणारी ताकद २०० पेक्षा बरीच कमी. २०१८ च्या टोयोटाच्या व्ही-६ कॅमरीची ३०१ होती, तिच्यापुढे आपण टिकत नाही. पण मस्टँगचं वजन सुमारे २,७०० पौंडच आहे, हायवेवर शिरताना ती कधी अडखळत नाही. ऑफिसच्या वाटेवर माणूस दमतो तो ब्रेकवर भरवसा नसल्यामुळे, गाडी सतत सरळ धरून ठेवावी लागल्यामुळे, आवाजाने आणि उकाड्याने. पैसे तिथे घाला.

सगळ्यात आधी ब्रेक. मूळ गाडीला चारही चाकांना ड्रम आणि एकाच कप्प्याचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकच्या तेलात उतरवणारा) होता. दोन कप्प्यांचा १९६७ च्या मॉडेलपासून आला. याचा अर्थ, एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, पेडल थेट तळाला. हे मी अनुभवलंय. गाडी घेऊन महिनाही झाला नव्हता, मागचा गंजलेला पाइप गेला आणि उताराच्या चौकात हँडब्रेक ओढून कसाबसा थांबलो. समोर शाळेची बस होती. त्या रात्री मी दुसरं काहीही करायच्या आधी ब्रेकचे सुटे भाग मागवले. पुढे डिस्क लावल्या, मागे ड्रम तसेच ठेवले, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि मागच्या चाकांचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह. एक बारकावा: ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब अडवून धरणारा व्हॉल्व्ह असतो. तोच सिलिंडर डिस्कला जोडला तर पॅड सतत घासत राहतात आणि चाक तापतं. डिस्क-ड्रमसाठीचाच घ्या. सगळे पाइप आणि होज नवे टाका, जुन्यातला एकही ठेवू नका.

दुसरा खर्च गिअरबॉक्सचा, आणि गाडीचा स्वभाव खरा बदलतो तो इथे. माझ्या गाडीला चार गिअरचा मूळ बॉक्स होता, त्यात चौथा म्हणजे एकास एक, इंजिनाच्या एका फेरीला प्रॉपेलर शाफ्टचीही एकच. मागचा ॲक्सल ३.०० चा, म्हणजे शाफ्टच्या तीन फेऱ्यांना चाकाची एक. ताशी ७० मैलांवर इंजिन सुमारे २,८०० फेऱ्यांनी फिरायचं, अर्धा तास त्या आवाजात बसलं की कान बधिर व्हायचे. मी ऐंशीच्या दशकातल्या मस्टँगचा पाच गिअरचा टी-५ बसवला, त्याचा पाचवा ०.६८ चा आहे. आता त्याच वेगाला जेमतेम १,९००. बायको शेजारी बसून साध्या आवाजात बोलू शकते, हे पहिल्यांदा घडलं तेव्हा आम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघत राहिलो.

तो बसवताना एक चूक मात्र माझ्या हातून झाली, ती तुम्ही करू नका. गिअरबॉक्ससोबत १९८९ च्या गाडीचं फ्लायव्हीलही (इंजिनाच्या मागच्या टोकाची जड चकती) मिळालं होतं, तेच लावलं. दात जुळले, बोल्ट बसले, गाडी सुरू झाली. पण २,००० च्या वर गेलं की आख्खी गाडी थरथरायची. आधी क्लच उघडला, मग प्रॉपेलर शाफ्ट काढून तपासून आणला, दोन आठवडे गेले. कारण साधं होतं. २८९ च्या फ्लायव्हीलला मुद्दाम एका बाजूला २८ आउन्सांचा असमतोल ठेवलेला असतो, तो क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जुळतो. फोर्डने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पाच लिटरच्या इंजिनात तो ५० आउन्स केला. दिसायला दोन्ही चकत्या सारख्याच. तसंच चालवत राहिलो असतो तर क्रँकच्या बेअरिंगा गेल्या असत्या.

तुमच्या घरी दोघांनी चालवायची आहे, तर ऑटोमॅटिकही बघा. मूळचा सी-४ तीन गिअरचा आहे, त्यात ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा गिअर) नाही. त्याऐवजी फोर्डचा चार गिअरचा एओडी बसतो, त्याचा चौथा ०.६७ चा. त्याची एक केबल कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलला जोडलेली असते आणि बॉक्सच्या आतला दाब तीच ठरवते. ती सैल राहिली तर आतल्या क्लच प्लेटा थोड्याच दिवसांत जळतात. बसवणाऱ्याला दाबाचा गेज लावूनच केबल जुळवायला सांगा, नुसत्या अंदाजाने नको.

स्टिअरिंगसाठी लोक रॅक-पिनियनचा, म्हणजे आताच्या गाड्यांतल्या पद्धतीचा, किट घ्यायला सांगतात. मी घेतला नाही. त्यातल्या काहींनी गाडीचं वळण मोठं होतं आणि पार्किंगमध्ये त्रास होतो. मूळचा बॉक्स उघडून बेअरिंगा बदलल्या, टाय रॉड आणि बॉल जॉइंट नवे टाकले, रेडियल टायर लावले. आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात गुणी काम केलं: पुढचा वरचा आर्म एक इंच खाली घेतला. ही कल्पना फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांची. रेसिंग ड्रायव्हर कॅरोल शेल्बीने मस्टँगवरून बनवलेल्या १९६५ च्या जीटी ३५० मध्ये ती वापरली गेली, म्हणून लोक तिला शेल्बी ड्रॉप म्हणतात. साचा लावून चार भोकं पाडायची, बस. वळणावर गाडी बाहेर पळत नाही, पुढचं चाक रस्त्याला धरून राहतं. नंतर अलाइनमेंट करताना दुकानदाराला १९६६ च्या पुस्तकातले आकडे लावू देऊ नका, ते तेव्हाच्या बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या, जुन्या बनावटीच्या) टायरांचे आहेत. रेडियलला जास्त कॅस्टर (गाडी सरळ धरून ठेवणारा पुढच्या चाकाच्या आसाचा मागचा कल) लागतो, दोन-तीन अंश तरी, आणि कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या कडेचा कल, किंचित आतल्या बाजूला.

आता ऊन. आमच्याकडे दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची फेरी, असते. डेट्रॉइटला लागून असलेल्या फर्नडेलमधल्या मुलांच्या सॉकर मैदानासाठी निधी जमवायला १९९५ मध्ये ती सुरू झाली आणि आता हजारो जुन्या गाड्या येतात. त्या मुंगीच्या चालीच्या रांगेत दरवर्षी बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतात, आणि त्यात भारी इंजिनांच्याच जास्त. हळू चालताना रेडिएटरमधून हवा खेचायची ती पंख्यानेच, आणि पंख्याभोवती कवच नसेल तर तो आजूबाजूचीच हवा घुसळत बसतो. मोठा ॲल्युमिनियम रेडिएटर घ्या, पण कवच विसरू नका. इलेक्ट्रिक पंखा आणि एसी घेणार असाल तर अल्टरनेटर आधी बदला, मूळचा ४० अँपिअरच्या आसपासचा आहे, तो पुरणार नाही. अशा गाड्यांसाठी एसी बनवणारी व्हिंटेज एअर तुमच्या शेजारच्या सॅन अँटोनिओचीच. ऑस्टिनच्या जुलैत एसीशिवाय ऑफिसला जाणं मी तुम्हाला सुचवणार नाही.

इंजिनाला हात लावायचाच तर ठिणगीची वेळ साधणारे जुने पॉइंट-कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाका, एका संध्याकाळचं काम आहे. हेड उघडलंच कधी, तर एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट घाला, कारण जुन्या सीटा शिशाच्या पेट्रोलवर जगत होत्या. तेल जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं वापरा, नाहीतर कॅमचे उंचवटे झिजतात. कार्ब्युरेटरच्या जागी बसणारं इंधन इंजेक्शन मी पाचव्या वर्षी घेतलं आणि त्याचा पश्चात्ताप नाही: थंड सकाळी चावी फिरवली की गाडी सुरू. पण त्याला साधारण ५८ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) इंधनाचा दाब लागतो. मूळच्या पंपाचा असतो पाचेक. म्हणजे टाकीत नवा पंप, परतीची लाइन, आणि इथेनॉल सोसणारे होज. जुने रबरी पाइप त्या दाबावर एक दिवससुद्धा वापरू नका.

टाकीवरून आठवलं, हे नीट वाचा. या गाडीच्या डिक्कीचा तळ म्हणजेच टाकीची वरची बाजू. आणि डिक्की व मागची सीट यांच्यामध्ये कारखान्यातून फक्त पुठ्ठा यायचा. मागून जोरात धडक बसली तर पेट्रोल थेट आत येऊ शकतं. तिथे पोलादी पत्रा लावून कडा बंद करून घ्या. पुढच्या सीटांना तीन ठिकाणी अडकणारे पट्टे बसवा, मूळचे फक्त कमरेचे आहेत, आणि डोक्यामागे आधार असलेल्या सीटा घ्या. १९६६ चा स्टिअरिंग कॉलम धडकेत दुमडत नाही, चालकाच्या छातीकडे येतो. दुमडणारा कॉलम बसवता येतो. रोज हायवेवर जाणाऱ्या गाडीत मी तो इंजिनाच्या कितीतरी आधी घेईन.

कागदपत्रांचं: टेक्सासची अँटिक नंबर प्लेट घेऊ नका, ती प्रदर्शनं, परेड अशा वापरासाठी आहे. रोजच्यासाठी साधी किंवा क्लासिक प्लेट चालते. विमा काढताना ‘ऑफिसला नेणार’ हे स्पष्ट सांगा. जुन्या गाड्यांच्या स्वस्त पॉलिसींमध्ये बरेचदा तेच वगळलेलं असतं.

आणि व्यवहार ठरायच्या आधी एक करा. दोन बाटल्या पाणी घेऊन जा आणि विंडशील्डच्या पुढच्या जाळीतून सावकाश ओता. कुणाला तरी आत गुडघ्यावर बसवून डॅशखाली टॉर्च धरायला सांगा. पाणी आत टपकलं, तर जाळीखालची पोकळी गंजलेली आहे. ती दुरुस्त करायला ढीगभर स्पॉट वेल्ड ड्रिल करून वरचा पत्रा काढावा लागतो, आणि तोवर पायाखालचा पत्राही बहुधा गेलेला असतो. बाहेरून रंग कितीही चकाकत असला तरी अशा गाडीचा भाव त्या दुरुस्तीचा खर्च वजा करूनच बोला, किंवा दुसरी शोधा. २८९ च्या कूपे अजून मिळतात.