आई-वडील ऊसतोडीला गेले की मुलांची शाळा सुटते. गावच्या शाळेने नेमकं काय करावं?

आधी मूल गावातच राहील हे बघा. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साधारण दसरा-दिवाळीला निघतात, म्हणून हंगामी वसतिगृहासाठी (पालक बाहेरगावी असताना मुलांची गावातच होणारी सोय) मुलांची यादी सप्टेंबरमध्येच तयार हवी. वसतिगृह उशिरा सुरू झालं तर तोवर मुलं उसाच्या फडावर पोचलेली असतात. मुलींचं आणखी अवघड. धाकट्या भावंडाला सांभाळायला त्यांनाच नेतात. त्यामुळे मुलीला गावात ठेवण्याबद्दल आजी-आजोबांशी बोलताना त्या तान्ह्या बाळाची सोय कुठे होईल, हेही विचारा. तो प्रश्न सुटल्याशिवाय मुलगी थांबत नाही.

तरीही मूल गेलंच, तर शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावं म्हणून दिलं जाणारं) हातात देऊन पाठवा. कारखान्याजवळच्या शाळेला दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही (शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५).

मार्च-एप्रिलमध्ये मूल परतलं की थेट पुढचे धडे घेऊ नका. अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट, यांपैकी कुठवर वाचता येतं ते पाच मिनिटांत तपासा. पाचवीतलं मूल शब्दांवरच अडत असेल तर रोज तासभर शब्द वाचणाऱ्यांच्याच गटात बसवा, इयत्ता न बघता. हजेरीपटावर नाव आहे म्हणजे मूल शिकतंय, असं मुळीच समजू नका.